पाण्याचा तिसरा वाटा

अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्याच महिन्यात पाणी आणि हिरा यांची गाठ पडते. पाण्यावाचून प्राण जाईल, तरी त्याला मोल नाही. हिऱ्यावाचून कुणाचे अडत नाही, तरी त्याची किंमत डोळे दिपवणारी. अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ साली आपल्या ग्रंथात हे कोडे मांडले, पुढे सीमान्त उपयोगितेच्या सिद्धान्ताने ते सुटले, असे आम्ही उत्तरपत्रिकेत लिहितो आणि गुण मिळवतो. मी अथणी तालुक्याच्या पूर्वेकडच्या, जत आणि विजापूर या दोहोंकडे सारखेच तोंड करून बसलेल्या एका गावातून बेळगावला शिकायला आले. 'पाण्याला मोल नाही' असे आमच्या गावात कुणी म्हणाले, तर हा नक्की कुठल्या तरी कालव्याकाठचा पाहुणा, असेच लोक समजतील.

आमच्या वसतिगृहात खानापूरकडच्या मुली आहेत. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस त्या सांगू लागल्या म्हणजे मी ऐकत राहते. एकाच जिल्ह्यात आम्ही दोघी राहतो, पण त्यांच्याकडे छत्री चार महिने वाळत नाही आणि आमच्याकडे ती बहुतेक वेळ उन्हासाठीच उघडते. तेव्हा पाण्याविषयी मी जे लिहिणार आहे ते आमच्या बाजूचे आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या शिवारात पाणी विकत मिळते, आणि त्याचा दर रुपयांत सांगत नाहीत. आमच्या शेजारी एक अक्का आहेत. त्या कानडी बोलतात, आई मराठीत उत्तर देते, आणि दोघींचे गेली वीस वर्षे उत्तम चालले आहे. अक्कांची सव्वा एकर जमीन आहे, विहीर आहे, पण ती पौषातच तळ दाखवते. त्यांच्या बांधाला लागून अण्णांचे शेत. अण्णांचे बोअर सहाशे फुटांवरून पाणी आणते. ते पाणी अक्का आपल्या मक्याला घेतात आणि सुगीला पिकाचा तिसरा वाटा अण्णांच्या खळ्यात नेऊन टाकतात. 'मूरने पालु' म्हणजे तिसरा हिस्सा. बियाणे अक्कांचे, खत अक्कांचे, भांगलण अक्कांची; पाणी तेवढे अण्णांचे. यात अण्णा काही दुष्ट सावकार नव्हेत. लग्नकार्यात तेच पुढे असतात, आणि अक्कांच्या मुलाच्या शाळेची फी एकदा त्यांनीच भरली होती. वाटा मात्र तिसराच.

आता अण्णांना हे पाणी काय पडते? विजेचे बिल शून्य. कर्नाटकात २००८ सालापासून दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रानेही २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केली. दोन्ही राज्यांचे इतर कशावर एकमत होवो न होवो, एवढ्या एका गोष्टीवर झालेले आहे. म्हणजे सरकार पाण्याची किंमत घेत नाही हे खरे, पण म्हणून किंमत नाहीशी झाली असे नव्हे. ज्याच्या दारात बोअर आहे त्याच्याकडून ती मागितली जात नाही, आणि ज्याच्या दारात नाही तो ती धान्यात मोजतो. पुस्तकातल्या हिऱ्यापेक्षा हे कोडे मला अवघड वाटते.

पूर्वी असे नव्हते, असे आज्जी सांगते. पूर्वीचे सगळेच चांगले होते असे तिचे म्हणणे असते, तेव्हा त्यातले थोडे वजा करून घ्यावे लागते. पण मोटेविषयी ती जे बोलते ते हिशेबाला धरून आहे. आज्जाची विहीर पन्नास फूट. धावेवरून बैल खाली जायचे तेव्हा चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिती व्हायची. सकाळी चार तास मोट चालली की बैल सोडावे लागत. त्यांना वैरण, पेंड, पाणी, विसावा. पाणी जितके खोल, धाव तितकी लांब, बैल तितके लवकर दमणार. म्हणजे मोटेला मीटर होता आणि तो बैलांच्या अंगावर होता. एका मर्यादेपलीकडे पाणी उपसणे परवडत नसे, म्हणून विहिरीत पाणी शिल्लक राहत असे. आज्जाला शाश्वत शेती हा शब्द ठाऊक नव्हता; त्याला बैलांची दया होती, एवढेच.

पुढे तेलाची इंजिने आली, मग विजेच्या मोटारी. (बेळगावकरांना एक आठवण द्यावीशी वाटते. याच शहरात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या कारखान्यांतले नांगर आणि पंप मग आमच्यासारख्या किती गावांत पोहोचले, ते मोजणेच कठीण.) सुरुवातीला विजेला मीटर असे. पण रानोमाळ फिरून मीटर वाचणे वीजमंडळांना परवडेना, म्हणून १९७०-८० च्या दशकांत बऱ्याच राज्यांनी अश्वशक्तीवर ठोक दर लावला. पाच अश्वशक्तीची मोटार असेल तर वर्षाला अमुक रुपये, मग ती दिवसाला एक तास चालवा की दहा. आमच्या भाषेत सांगायचे तर सीमान्त खर्च शून्य झाला. त्यानंतर ठोक दरही गेला. मोटेच्या बैलांना जो शेवटचा तास जड जायचा, तो मोटारीला अगदी फुकट पडू लागला.

आता गावोगाव स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला असतो. वीज कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नाही. थ्री फेज रात्री दीडला आली तरी मोटार आपोआप सुरू होते. शेतकरी घरी झोपलेला असतो आणि दंडातून पाणी वाहून ओढ्याला जात असते. पेपरवाले यास शेतकऱ्याचा बेफिकीरपणा म्हणतात. रात्री साप-किरडाच्या भयात बॅटरी घेऊन दारे धरायला एकदा जाऊन यावे, मग बोलावे. ज्या वस्तूची वेळ आपल्या हाती नाही आणि जिला मोलही नाही, ती मिळेल तेव्हा मिळेल तेवढी घेऊन ठेवणे हेच शहाणपण ठरते.

आमच्या भागाचा खडक काळा, बसाल्टचा. या खडकात पाणी साठते ते वरच्या मुरुमात आणि खालच्या भेगांत, थरांच्या सांध्यांत. पोटात मोठमोठी तळी नसतात. तरीही 'खाली पाताळगंगा आहे, अजून शंभर फूट मारा' असे सांगणारा पाणाड्या प्रत्येक गावात असतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शिवारातून चालतो. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. आमच्या शेतात नारळ तीन वेळा उभा राहिला. पाणी एकदाच लागले. अप्पांनी दोन कोरड्या बोअरचे कर्ज तिसऱ्या बोअरच्या द्राक्षांतून फेडले. आणि जे पाणी खोलवर लागते, तेही बहुधा वरूनच भेगांतून उतरलेले असते. म्हणून एकाचे बोअर सहाशे फुटांवर गेले की शेजारच्याची पन्नास फुटांची विहीर पौषात आटते. अक्कांची विहीर आटायला आणि अण्णांचे बोअर चालू व्हायला मध्ये दोनच उन्हाळे गेले. बोअरमुळेच विहीर आटली असे शपथेवर कुणी सांगू शकणार नाही. खडकाच्या आत कुणी पाहिलेले नाही. पण आपल्याच विहिरीतले पाणी खालच्या वाटेने शेजाऱ्याकडे जाऊन तिसऱ्या वाट्याने परत येत असेल, तर त्याला काय म्हणावे?

कायदा याबाबतीत अण्णांच्या बाजूचा आहे. १८८२ चा सुविधाधिकार कायदा अजून चालतो. ठरावीक प्रवाहात न वाहणारे, जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क तो जमीनमालकाला देतो. म्हणजे पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही, आणि ज्याला खोल बोअर मारण्याची ऐपत नाही त्याला जमीन असूनही नाही. नंतर भूजलावर वेगळे कायदे झाले. महाराष्ट्राचा २००९ चा, आपल्या कर्नाटकाचा २०११ चा. महाराष्ट्राच्या कायद्याने साठ मीटरहून, म्हणजे साधारण दोनशे फुटांहून, जास्त खोल विहिरींवर निर्बंध आणि उपकर यांची तरतूद केली आहे. जतकडच्या आमच्या पाहुण्यांचे बोअर किती फूट आहे, ते मी येथे लिहीत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि अक्कांचा मुलगा, दोघांनी मिळून अण्णांच्या बोअरचे पाणी मोजले. तो दहावीला आहे आणि भौतिकशास्त्रात माझ्याहून हुशार. साधन म्हणजे दोनशे लिटरचे पिंप आणि मोबाइलवरचे घड्याळ. पिंप भरायला तीन मिनिटे वीस सेकंद लागली. म्हणजे सेकंदाला एक लिटर, तासाला ३,६०० लिटर. हजार लिटर पाणी सहाशे फूट वर उचलायला नुसत्या हिशेबाने अर्धे युनिट वीज लागते. पण मोटारीची, पाइपाची गळ धरता पाच अश्वशक्तीची ही मोटार तासाला साधारण साडेचार युनिटे खाते, म्हणजे हजार लिटरला सव्वा युनिट. हेच पाणी साठ फुटांवर असते तर त्याच्या दहावा हिस्सा वीज पुरली असती.

मग आम्ही वहीच उघडली. अक्कांच्या एक एकर मक्याला गेल्या रब्बीत सहा पाण्याच्या पाळ्या झाल्या. एका पाळीला दोन इंच पाणी धरले तर दोन लाख लिटर. सहांचे बारा लाख. अण्णांची मोटार त्यासाठी सुमारे ३३५ तास चालली आणि दीड हजार युनिटे वीज लागली. उत्पन्न चोवीस क्विंटल. त्यातले आठ क्विंटल अण्णांना गेले. दोन हजारांच्या भावाने सोळा हजार रुपये. तासाला पावणेअठ्ठेचाळीस रुपये, असे मुलाने भागाकार करून सांगितले. विजेला युनिटमागे सहा रुपये पडले असते तर बिल झाले असते नऊ हजार. पडले शून्य.

तोच हिशेब आम्ही उसाला लावून पाहिला, कारण गावात नवा साखर कारखाना जवळ आल्यापासून प्रत्येकाच्या मनात ऊस आहे. पाऊस सोडून वरून दीड मीटर पाणी दिले, तर एकरी साठ लाख लिटर. अण्णांच्या बोअरला रोज सात तास चालून हे पाणी काढायला आठ महिने लागतील, आणि त्या आठ महिन्यांत दुसऱ्या कुठल्या पिकाला थेंब मिळणार नाही. वीज ७,६०० युनिटे, सहाच्या दराने पंचेचाळीस हजार. चाळीस टन ऊस आणि टनाला तीन हजार धरले तर एक लाख वीस हजार हाती येणार. त्यातले पंचेचाळीस हजार बिलात गेले तर सहाशे फुटांच्या पाण्यावर ऊस लावायला कुणी धजणार नाही. कृष्णाकाठचा मात्र लावील, आणि त्याने लावावा. विजेच्या दरातली गंमत ती हीच. कुणी फर्मान न काढता, पाणी जितके खोल तितके महाग, हे तिला आपोआप समजते; मोटेच्या बैलांना समजे तसेच.

एवढे लिहून मी 'म्हणून मीटर बसवावेत' असे म्हणून मोकळी झाले असते, आणि परीक्षेत तसेच लिहीनही. पण मीटर आला तर पहिले बिल आमच्याच घरी येईल. मी हे जेवताना काढले तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, "दोन बोअर कोरडी गेली तवा सरकार कुठं हुतं? पाणी लागल्यावर बिल घिऊन येणार व्हय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. द्राक्षाला आम्ही ठिबक केले आहे, थेंब थेंब मोजतो. पण तो मोजतो पाणी पुरत नाही म्हणून, महाग आहे म्हणून नव्हे. आणि आमच्यासारख्या घराचा खरा खर्च विजेचा नसतोच, तो कोरड्या बोअरच्या व्याजाचा असतो. तो कुठल्याही दरपत्रकात येत नाही.

दुसरी शंका अक्कांच्या बाजूची. पश्चिम बंगालने २००७ पासून शेतीपंपांना मीटर बसवायला सुरुवात केली. तिथे पूर्वी ठोक दर होता, म्हणून पंपवाले आपला ठोक पैसा वसूल करण्यासाठी जास्तीत जास्त शेजाऱ्यांना पाणी विकत. मीटर आल्यावर त्यांनी पाण्याचा दर वाढवला, असे तिथे अभ्यास करणाऱ्यांना दिसले. ज्याच्याजवळ पंप होता त्याचे फारसे बिघडले नाही. भार पडला तो विकत घेणाऱ्यावर. आमच्याकडे मीटर आला तर तिसरा वाटा तिसराच राहील, की निम्मा होईल? वहीतला हिशेब सांगतो की सोळा हजारांतून नऊ हजारांचे बिल भरूनही अण्णांना सात हजार उरतात, तेव्हा वाढवायचे कारण नाही. पण वाटा वहीत ठरत नाही. तो बांधावर ठरतो, आणि बांधावर ज्याच्या हातात स्टार्टर असतो त्याचे वजन जास्त.

पंजाबात १९९७ पासून शेतीला वीज मोफत आहे. तिथे दरसाल जमिनीत जेवढे पाणी उपसण्याजोगे मुरते त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते. साऱ्या देशाचा उपसा २०२३ च्या सरकारी मूल्यमापनात सुमारे २४१ अब्ज घनमीटर भरला आणि त्यातले सत्त्याऐंशी टक्के पाणी शेतीला गेले. त्याच पंजाबने २०१८ साली काही फीडरांवर निराळा मार्ग धरला. शेतकऱ्याला विजेचा ठरावीक कोटा द्यायचा, आणि त्यातले जेवढे युनिट तो वाचवील त्याला युनिटमागे चार रुपये त्याच्या खात्यात जमा करायचे. यात कुणाच्या हातून काही काढून घेतले जात नाही, तरी शेवटच्या तासाला किंमत येते. मला ही युक्ती आवडली. अप्पांनाही आवडली, फक्त "पैसं खरंच जमा व्हत्यात का?" असे त्यांनी विचारले.

तरीही दर हे एकच औषध आहे असे मला वाटत नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथला नियम असा की पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा. भूमिहीनालाही हक्क. योजनेच्या खर्चातला हिस्सा प्रत्येकाने भरायचा, आणि उसाला बंदी. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर मारण्यावरच बंदी घातली, आणि दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मग कुठले पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायला सुरुवात केली. या दोन्ही ठिकाणी आधी हिस्सा ठरला, मोल नंतर. आमच्या गावात मोल ठरलेले आहे, हिस्सा कुणी ठरवलेलाच नाही.

माझे मत विचाराल तर प्रत्येक पंपाला मीटर हवाच, पण आधी तो फक्त वाचण्यासाठी. दोन वर्षे नुसते आकडे चावडीवर लावावेत. कुणाचे पाणी किती फुटांवरून येते आणि कुठल्या पिकाला जाते हे गावाला कळू द्यावे. मग कुटुंबामागे काही युनिटे मोफत ठेवावीत आणि त्यावरची युनिटे, विशेषतः खोल पाण्यावर ऊस करणाऱ्याची, पैशांनी घ्यावीत. आलेला पैसा बंगळूरला जाऊ नये. गावातल्या ओढ्यांवर बंधारे घालायला आणि जुन्या विहिरींचा गाळ काढायला वापरावा. आणि जो पाणी विकतो त्याने दर तासाचा सांगावा, वाट्याचा नव्हे. वाट्यात तास दिसत नाहीत, म्हणून घेणाऱ्याने पाणी जपून वापरले तरी त्याला दाणाही वाचत नाही. अक्कांनी सहाऐवजी पाच पाळ्यांत मका काढला असता तरी अण्णांचा वाटा तेवढाच राहिला असता.

हे शेवटचे मी अक्कांना वही दाखवून सांगितले. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण आकडे येतात. मुलाने कानडीत एकेक ओळ समजावली. त्यांनी तासाच्या आकड्यावर बोट ठेवून दोनदा विचारून घेतले, मग वही मिटून पदराखाली घेतली आणि बांधावरून अण्णांकडे गेल्या. यंदा मका न करता शाळू करते, दोनच पाळ्या लागतील, त्याचे तासाला पन्नास रुपयांप्रमाणे रोख घ्या, वाटा नको, असे त्या म्हणाल्या. अण्णा हसले. वही त्यांनी ठेवून घेतली, बराच वेळ उलटसुलट पाहिली, आणि संक्रांतीनंतर सांगतो म्हणाले.

हा लेख संपादकांकडे देताना संक्रांत अजून व्हायची आहे. शाळू गुडघ्याला आला आहे आणि पहिली पाळी होऊन गेली आहे. तिचे तास मुलाने भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहेत.